नको, पुरे!

गणपती गेले, गौरी गेल्या, पुठ्ठ्याचं मखर घडी होऊन माळ्यावर गेलं. फ्रिजमधल्या शेवटच्या दोन पुरणपोळ्याही काल दुधात कुस्करून संपल्या. घर एकदम मोठं वाटायला लागलंय. खरं तर ही गोष्ट मी गेल्याच वर्षी लिहिणार होतो. चार ओळी लिहिल्याही होत्या. पण तेव्हा लिहिताना दरवेळी चूक दुसऱ्याच कुणाची तरी निघत होती, म्हणून ठेवून दिलं. यंदा लिहितो.

विषय आमच्या चिरंजीवांच्या जेवणाचा.

चिरंजीव (घरातलं नाव बाळ्या) आता साडेसहा वर्षांचे आहेत. त्यांना चालणाऱ्या पदार्थांची यादी अशी: साधं वरण, भात, तूप. दहीभात. मऊ पोळी, पण तिच्यावर काळा डाग नको. केळं, पण त्याच्यावरही डाग नको. साल काढलेली काकडी. भाजलेले शेंगदाणे. कोथिंबीर नसेल तर बटाट्याची भाजी. यादी संपली. शिवाय पोटकलम असं की पानातल्या कुठल्याही दोन पदार्थांनी एकमेकांना शिवायचं नाही. एवढं सोवळं आमच्या देवघरातही नाही.

एरवी आमचं बरं चाललेलं असतं. शाळेच्या डब्यात पोळीचा रोल, रात्री वरणभात, मधूनमधून बायको एखादी नवी भाजी चमचाभर पानात ठेवते, तो ती बघतो, कधी वास घेतो आणि सोडून देतो. प्रश्न येतो सणाला. त्यातही गौरीच्या जेवणाला.

वडील गेल्यावर आई गावाकडून इथे ताथवड्याला आली, आणि तिच्याबरोबर गौरीही आल्या. तोपर्यंत आम्ही गौरीला जुन्नरकडे जायचो, आता जुन्नरकडचे सगळे आमच्याकडे येतात. वीस-बावीस माणसं होतात. फ्लॅटमधला सोफा बेडरूममध्ये जातो, हॉलमध्ये सतरंज्या पडतात आणि दोन पंगती बसतात. आईचा हात अजून चालतो. सोळा भाज्यांची मिसळ, अळूची भाजी, कटाची आमटी, कढी, दोन कोशिंबिरी, भजी, कुरडया, आंबील आणि पुरणपोळी. आपल्या दृष्टीने वैभव!

आता हेच पान बाळ्याच्या बाजूने बघा. रोज तो साडेबाराला जेवतो, आज नैवेद्य झाल्याशिवाय काही मिळणार नाही. नैवेद्य झाला तरी पाहुणे यायचेत. पाहुणे चाकण, भोसरी करत आलेत आणि भूमकर चौकात अडकलेत. (ताथवड्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आधी कॉलेजं आली, २००९ साली गाव महापालिकेत गेलं, मग आमच्यासारखे बारा-पंधरा मजल्यांवरचे लोक आले आणि सगळे मिळून त्या चौकात उभे राहिलो.) तीन वाजता पान समोर येतं तेव्हा त्याची भूक मरून चिडचिड उरलेली असते. पानात बारा पदार्थ, त्यातले नऊ अनोळखी. आमटीचा ओघळ भाताला लागलाय. घरभर तळणाचा वास. आणि पानापेक्षा भयंकर म्हणजे पानाकडे बघणारी वीस माणसं.

तर ११ सप्टेंबर २०२४. गौरीपूजनाचा दिवस. वरचं सगळं जसंच्या तसं घडलेलं. बाळ्याला मी माझ्या आणि काकांच्या मधे बसवला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. माणूस राजा, पण पंगतीत त्यांना शांतता सहन होत नाही. बाळ्या भाताचं मधलं, आमटी न लागलेलं बेट शोधून खात होता. काका म्हणाले, "अरे, एवढा घोडा झाला आणि अजून वरणभात? तुझा बाप तुझ्याएवढा असताना मिरचीचा ठेचा खायचा." (हे खोटं आहे.) समोरून आत्या म्हणाली, "घे रे, छान झालीय भाजी." आतून आई म्हणाली, "एक घास खा राजा, गौराईचा प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणत नाहीत."

बाळ्या म्हणाला, "नको."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे मला तसं वाटलं. आणि त्या क्षणी मला त्याचं पोषण, जीवनसत्त्वं वगैरे काहीही आठवत नव्हतं हे मी कबूल करतो. माझा मुलगा माझं ऐकतो, एवढंच मला वीस माणसांना दाखवायचं होतं. मी त्याची हनुवटी धरली आणि मिसळीच्या भाजीचा घास त्याच्या तोंडात घातला.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याला उमासा आला आणि सगळं बाहेर आलं. त्याच्या पानात, सतरंजीवर, थोडं काकांच्या पायजम्यावर. हॉलमध्ये वीस माणसं आणि आवाज फक्त मिक्सरचा, कारण आत कुणाला तरी काही कळलंच नव्हतं. बायको उठली, त्याला उचललं आणि आत गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

रात्री झोपताना तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी गौरी दुसऱ्या कुणाकडे जाऊ देत ना."

हे इथवर वाचून "मुलं म्हणतात असं, विसरतात" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण दिवाळीत भाऊबीजेला आत्याकडे जायचं निघालं तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "तिथे जेवायला लागेल का?" आत्याकडे दोन मांजरं आहेत, गच्ची आहे, आणि आत्येभाऊ तर त्याचा देव! तरी तो यायला तयार होईना. पुढे एका वाढदिवसालाही तेच. मग मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक भाजी खायला लावण्याच्या नादात मी त्याच्या मनात माणसांचीच भीती घातली होती.

आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजन-उंचीचा तक्ता काढला, ठिपके जोडले आणि म्हणाले, रेघ व्यवस्थित वर चाललीय. काळजी कधी करायची तेही सांगितलं. वजन वाढायचं थांबलं किंवा घटलं, खाण्याची यादी वाढण्याऐवजी लहान होत चालली, गिळताना वारंवार ठसका-उमासा येतोय, किंवा खाण्याच्या भीतीने मूल शाळा, मित्र, घराबाहेर पडणं टाळू लागलं, तर थांबायचं नाही, दाखवायचं. २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात खाणं टाळण्याचा आणि फार मर्यादित ठेवण्याचा एक वेगळा विकारही धरला जातो, तो म्हणजे नुसते नखरे नव्हेत. बाळ्याचं तसं नव्हतं. पण शेवटच्या लक्षणाशी मी त्याला स्वतःच्या हाताने नेऊन ठेवत होतो, हे ऐकताना मला कळत होतं.

मग माझ्या सवयीप्रमाणे वाचत बसलो. अनोळखी पदार्थाची भीती साधारण दोन ते सहा या वयात सगळ्यात जास्त असते, हे बहुतेक ठिकाणी सापडतं. अमेरिकेत लीन बर्च नावाच्या बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले, तेव्हा जे जास्त वेळा समोर आले ते मुलांना जास्त आवडू लागले. म्हणजे औषध एकच, ओळख. पण २००६ चा त्यांच्या गटाचा एक प्रयोग वाचून मी खुर्चीत जरा खाली सरकलो. लहान मुलांना सूप द्यायचं. एका सूपच्या वेळी "संपव, संपव" म्हणत राहायचं, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलायचं नाही. न बोललेलं सूप मुलांनी जास्त प्यायलं, आणि बोललेल्या सूपला नावं जास्त ठेवली. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी तर १९८० च्या दशकातच कामाची वाटणी करून ठेवली आहे: काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

वाचायला हे सगळं सोपं आहे. सॅटरबाईंच्या घरी आमचे काका जेवायला येत नाहीत.

पण गंमत म्हणजे खरी गोष्ट मला उमगली ती काकांमुळेच. यंदा उन्हाळ्यात जुन्नरकडे एका लग्नाला गेलो होतो. मांडवात पंगत. मी आणि काका शेजारी. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन आला. काका म्हणाले, "नको." त्याने दोन टाकल्या. पुढच्या फेरीला काका म्हणाले, "नको, नको, पुरे." आणि दोन्ही हात पानावर आडवे धरले. यजमान धावत आले, "काका, आमच्या घरचं कार्य आहे, एक तरी." काका जवळजवळ पानावर ओणवे झाले. यजमान हसले आणि पुढे गेले.

कुणी काकांची हनुवटी धरली नाही.

आणि मला जाणवलं, की आपल्याकडे आग्रह आहे तशी आग्रहाला नाही म्हणायची रीतही आहे. पहिलं 'नको' हे शिष्टाचाराचं, त्याचा अर्थ 'अजून एकदा विचारा'. दुसरं थोडं खरं. तिसऱ्याला हात आडवे येतात, आणि त्या हातांपुढे कुठलाही यजमान थांबतो. हा खेळ मोठ्यांना पाठ असतो. मुलाला तो कुणी शिकवलेलाच नसतो. त्याचं 'नको' पहिल्यापासून शंभर टक्के खरं असतं, आणि आपण ते शिष्टाचारातलं समजून वाढत सुटतो. बरं, त्याने हात आडवा धरलाच तर आपण म्हणतो, "उद्धट झालाय!" म्हणजे पंगतीत नाही म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे तो सोडून.

ठरवलं, यंदा बाळ्याला भाजी खायला नाही, नाही म्हणायला शिकवायचं.

बायकोला पटलं. (तिला ते आधीपासूनच पटलेलं होतं, ती फक्त माझी वाट बघत होती.) अवघड होतं आईचं. गौरीच्या चार दिवस आधी ती ओट्याशी मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "आई, यंदा त्याला कुणीही एक घाससुद्धा आग्रह करायचा नाही. तूही नाही."

तिची मेथी थांबली. "अन्नाला नाही म्हणायला शिकवणार तू त्याला? देवीसमोर?"

मग ती जे बोलली ते मी तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं, सलग पहिल्यांदाच ऐकलं. आईचं माहेर पारनेर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. विहिरी आटल्या, ज्वारी पेरलीच गेली नाही. घरातले सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे सुकडी मिळायची. आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, लाल ज्वारी. त्याची भाकरी. "दगडासारखी," आई म्हणाली. "थापताना चिरायची, गार झाली की वाळलेल्या चामड्यासारखी. पण तेवढंच होतं. नखरे करायला दुसरं काही नव्हतं बाबा. तुमच्या पोराला सोळा भाज्या आहेत म्हणून तो नको म्हणतो."

याला काय उत्तर देणार? मी गप्प बसलो. मेथी पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मला ती जायचीच नाही, मिलोची भाकरी. घशातच फिरायची."

"मग काय करायचीस?"

"गव्हाणीत लपवायचे. बैल खातील म्हणून."

"मग?"

"बैल कुठे होते? बैल केव्हाच गेले होते. रिकाम्या गव्हाणीत चार दिवसांच्या भाकरी सापडल्या माझ्या आईला."

मी विचारलं, मारलं का तुला? मला वाटलं होतं मारलं असणार. दुष्काळात भाकरी टाकणारी पोर! आई म्हणाली, "नाही. ती रडली. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी भाकरी चतकोर केली. म्हणाली, एवढीच घे. टाकायची नाही. लागली तर माग."

"मागितलीस?"

"मागावीच लागली. भूक लागायची ना! पण मग खाल्ली जायची, मी मागितलेली असायची म्हणून." आणि थोडं थांबून, "अजून मला लाल भाकरी बघवत नाही. नाचणीची भाकरी मी कधी खाल्लेली बघितलीयस तू?"

चाळीस वर्षं या बाईच्या हातचं जेवतोय. नाचणीची भाकरी तिने आम्हाला करून घातलीय, पण तिच्या स्वतःच्या पानात नेहमी ज्वारीची किंवा बाजरीची. मला हे कधीच दिसलं नव्हतं. पासष्टीला आलेली माझी आई एक पदार्थ त्रेपन्न वर्षं खात नाही, आणि तिला कुणी कधी काही बोललं नाही, कारण ती वाढणारी होती.

मी पुढे काही बोललो नाही. तिनेच मेथीच्या काड्या गोळा करता करता विषय संपवला, "चतकोर वाढायचं. टाकायचं नाही. लागलं तर मागेल." सॅटरबाई जे म्हणतात त्यापेक्षा हे फार वेगळं नाही, आणि आमच्या आजीने ते बाहत्तर सालीच, पोटात भूक असताना सांगून ठेवलं होतं.

मग तयारीला लागलो. कुणाला उपयोग होईल म्हणून काय काय केलं ते लिहितो.

वेळ. गौरीपूजनाच्या दिवशी बाळ्याला सव्वाबाराला थोडा वरणभात द्यायचा, नैवेद्याआधी. मी भीत भीत विचारलं. आई म्हणाली, "लेकरू म्हणजे देवच, त्याला कसला नैवेद्य थांबवायचा?" हे तिने आधी का नाही सांगितलं? मी आधी विचारलं नव्हतं, म्हणून.

ओळख. आदल्या रविवारी त्याला घेऊन पिंपरीच्या मंडईत गेलो. गौरीच्या आधी तिथे भाज्यांचे वाटे लागतात. त्याचं काम मोजायचं. सोळा होईपर्यंत पिशवीत टाकायचं. पडवळाला तो घाबरला, मग त्याने त्याचा साप केला, मग घरी येईपर्यंत तो साप त्याच्या गळ्यात होता. खाल्लं काहीच नाही. पण पानात येण्याआधी सोळाच्या सोळा त्याच्या हातातून गेल्या होत्या.

हमखास पदार्थ. सणाच्या पानात त्याचं काही नसतं हा माझाच गैरसमज होता. वरणभाताची मूद, वर तूप, ही पानाच्या मधोमधच असते! फक्त ती त्याच्यासाठी आमटीच्या आधी आणि आमटीपासून लांब ठेवायची. त्याला कप्प्यांचं ताट दिलं. बाकीच्यातलं काय घ्यायचं ते तो सांगेल, आणि सांगेल तेवढंच, चमचाभर.

काम. पंगतीत पान वाढायला सुरुवात होते मिठापासून. बाळ्याला मीठ आणि लिंबाच्या फोडींचा वाढपी केला. उजव्या हाताने, चिमूटभर, पानाच्या वरच्या बाजूला. दोन दिवस त्याने डायनिंग टेबलावर रिकाम्या ताटल्यांवर सराव केला. ज्याच्याकडे सगळे बघतात तो आणि जो सगळ्यांकडे बघतो तो, यात फार फरक असतो.

शब्द. "ई" म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, कारण करणाऱ्याला वाईट वाटतं. म्हणायचं, "नको, पुरे." पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा, "नको, पुरे," आणि पानावर हात आडवा. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तर बाबा बोलणार. हे मी त्याला वचन दिलं. त्याने विचारलं, "काकाआजोबांनी विचारलं तरी?" म्हटलं, काकाआजोबांनी विचारलं तरी.

आणि नातेवाईक. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तीनदा खोडून एकदा लिहिलं: "यंदा बाळ्याच्या पानाबद्दल कृपया कुणी काही बोलू नये. खाल्लं तर कौतुकही नको." दोन अंगठे आले. आत्याने हात जोडले. काकांनी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवलं, त्यावरून काही अंदाज येईना.

१ सप्टेंबर २०२५. पाहुणे भूमकर चौकात अडकले. (हे बदलणं माझ्या हातात नव्हतं.) पंगत अडीचला बसली. बाळ्या मिठाची वाटी घेऊन ओळीने निघाला. प्रत्येक पानापाशी वाकायचा, जीभ बाहेर काढून चिमूट सोडायचा, पुढे जायचा. एकाचंही पान चुकवलं नाही. मग हात धुऊन स्वतःच्या ताटावर बसला. वरणभात, काकडी, दोन भजी घेतली आणि त्यातलं एक उघडून आतला बटाटा खाल्ला. पुरणपोळीची फक्त कड, जिथे पुरण पोचत नाही ती. मी माझ्या पानात बघत होतो. आयुष्यात इतक्या एकाग्रतेने मी कधी जेवलो नसेन.

दुसऱ्या वाढीला काका उठले. त्यांना वाढायची हौस आहे. मिसळीच्या भाजीचं पातेलं घेऊन ते ओळीने येत होते आणि माझ्या पोटात गोळा येत होता. बाळ्यापाशी थांबले. डाव हवेत.

"नको, पुरे," बाळ्या म्हणाला. आवाज जरा बारीक होता.

"अरे, थोडीशी! आजीने केलीय."

"नको, पुरे." आणि त्याने छोटे दोन्ही हात कप्प्यांच्या ताटावर आडवे धरले. अगदी मांडवात काकांनी धरले होते तसे.

काका थांबले. माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी दारातून आई बोलली, "भाऊजी, त्याने पुरे म्हटलंय."

झालं, एवढंच. काका "बरं बाबा" म्हणाले आणि पुढच्या पानाला गेले. हॉलमध्ये कुणाचंही लक्षसुद्धा नव्हतं. मीच गेले वर्षभर ज्याला वीस माणसांची नजर म्हणत होतो, त्यातले अठरा जण आपापल्या आमटीत बुडालेले होते.

थोड्या वेळाने काकांनी पंक्तीतून हाक मारली, "मीठवाले! इकडे मीठ कमी पडलंय." कमी पडलेलं नव्हतं, मला त्यांच्या पानात दिसत होतं. बाळ्या धावत गेला आणि त्याने चिमूटभर मीठ वाढलं. काका म्हणाले, "अजून थोडं." बाळ्या म्हणाला, "पुरे." आणि दोघंही हसले. (काका, हे तुम्ही वाचणार आहात. ठेच्याचं मी खोटं म्हटलंय त्याचा राग नसावा. बाकीचं खरं आहे.)

आता प्रामाणिकपणे हिशेब सांगतो. सोळा भाज्यांपैकी त्याने एकही खाल्ली नाही. यादीत नवा पदार्थ फक्त एक आला, पुरणपोळीची कड, आणि ती मोजायची का यावर आमच्यात मतभेद आहेत. पुढच्या वर्षी खाईल की नाही, माहीत नाही. पण जेवणं झाल्यावर तो पाहुण्यांच्या पोरांबरोबर खाली पार्किंगमध्ये खेळायला पळाला, आणि संध्याकाळी आत्याने "दिवाळीत येशील का?" विचारलं तेव्हा "मांजरं आहेत ना अजून?" एवढंच त्याने विचारलं. जेवायचं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी गौरी जातात. आमच्याकडे त्या दिवशी निघताना त्यांना दहीभाताचा नैवेद्य असतो. आई सकाळी परातीत भात मोकळा करून दही कालवत होती. बाळ्या ओट्याला टेकून बघत उभा होता.

"हा कुणासाठी?"

"गौराईला. जाताना तिला दहीभात लागतो."

तो बराच वेळ विचार करत होता. वाटीत आईने सोलून ठेवलेले डाळिंबाचे दाणे होते, ते तिने हातात घेतले, तेव्हा म्हणाला, "आजी, ते नको घालूस. मधे मधे लागतात."

आईने माझ्याकडे बघितलं, दाणे वाटीत परत टाकले, आणि यंदा आमच्या गौरी साधा दहीभात खाऊन गेल्या.